मधली आठ पानं

घर बंद आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात साडीवर कुरडया वाळत होत्या.

फोटोग्राफरने माझ्याकडे पाहिलं आणि मी हातातल्या कागदाकडे. माने सरांनी रस्ता लिहून दिला होता. हायवे सोडायचा, शाळा मागे टाकायची, कच्च्या रस्त्याने शेवटपर्यंत जायचं. पाणी लागलं की त्याच्या अलीकडचं शेवटचं घर. उजनी धरणाचं पाणी भीमेच्या पात्रातून मागे चढतं आणि इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या दारापर्यंत येतं, त्याला फुगवटा म्हणतात. उन्हाळा सुरू झाला होता, त्यामुळे पाणी शे-दीडशे पावलं मागे सरलं होतं आणि मध्ये काळा गाळ उघडा पडला होता. घर मात्र बरोबर तेच. स्लॅबचं, चार खोल्यांचं, फिकट हिरव्या रंगाचं. कादंबरीत अगदी तसंच होतं, फक्त कादंबरीत तिथे वीस वर्षं कुणी राहत नव्हतं.

मी बारामतीत एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुस्तक छापण्याआधी पानांचा एक नमुना काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. ते वाचून चुका काढणं हे माझं काम. लोकांना वाटतं मी नुसत्या वेलांट्या बघते. नायिका पहिल्या प्रकरणात डावखुरी आणि सातव्यात उजव्या हाताने पोळ्या लाटते, तेही मीच पकडायचं असतं. आमचे शेठ लग्नपत्रिका आणि संस्थांचे वार्षिक अहवाल छापायचे, आणि हौस म्हणून वर्षाला चार-पाच पुस्तकं काढायचे.

त्या वर्षीच्या पुस्तकांत माने सरांची भयकादंबरी होती. सर इंदापूर तालुक्यातल्याच एका हायस्कूलवर मराठी शिकवायचे. कादंबरीचं नाव सांगत नाही, कारण ती अजून विकली जाते. गोष्ट अशी, की पाण्याकाठच्या एका घरात एकामागून एक तीन कुटुंबं राहायला येतात आणि तिन्हींची वाताहत होते. घरात बुडून मेलेल्या एका मुलीचं भूत असतं. ते लहान मुलांना हात धरून पाण्यात नेतं. सर लिहायचे बरे. मी प्रूफ वाचताना दोनदा उठून मागचं दार लावलं होतं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मुखपृष्ठावर खऱ्या घराचा फोटो हवा, असं शेठच्या डोक्यात आलं. सर म्हणाले, ज्यावरून सुचलं ते घर आहे, बंदच असतं, खुशाल काढा. फोटोग्राफर पोरगेला होता, त्याच्याबरोबर जबाबदार माणूस हवं म्हणून शेठनी मला धाडलं.

घरातून एक बाई बाहेर आली. पंचेचाळिशीची, हाताला कुरडयांचा चीक लागलेला. कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी सांगितलं, बारामतीच्या छापखान्यातून आलोय, पुस्तकासाठी घराचा फोटो हवाय. तिने विचारलं, पुस्तक कशाचं?

"गावांचं," मी म्हणाले. "फुगवट्याकाठच्या गावांचं."

ही थाप माझ्या तोंडातून इतकी सहज निघाली, की मलाच नवल वाटलं. घरात राहणाऱ्या बाईला तिच्या तोंडावर कसं सांगणार, की तुमचं घर भुताचं म्हणून छापतोय?

तिचं नाव शालन. नवरा कारखान्यात फिटर, तो ड्युटीवर होता. तिने आम्हाला आत बसवलं, चहा टाकला. घराचा विषय निघाल्यावर ती स्वतःच हसत म्हणाली, की लोक ह्या घराविषयी काय काय बोलतात, तेबी लिवा. मग तिने सांगितलं, आणि मी चहाचा कप हातात धरून सरांची कादंबरी एकेक प्रकरणाने कोसळताना ऐकत बसले.

कादंबरीतला पहिला कुटुंबप्रमुख एका रात्रीत केस पांढरे होऊन मरतो. खऱ्या घरात ते आबा होते, घर बांधणारे मूळ मालक. "आबा ब्याऐंशी वर्साचं हुतं," शालनताई म्हणाली. "केस काळं कशानं राहत्याल?" दुसरं कुटुंब कादंबरीत जेवणाची ताटं तशीच टाकून नाहीसं होतं. प्रत्यक्षात तिथे पाटबंधारे खात्यातला, कालव्याचं पाणी सोडणारा एक पाटकरी भाड्याने राहायचा, त्याची नीरेकडे बदली झाली. त्याच्या बायकोचा दिवाळीला अजून फोन येतो. मला हसू यायला लागलं होतं. सरांना परत गेल्यावर चांगलं चिडवायचं, असं मी मनात ठरवलं.

मग माझं लक्ष टीव्हीच्या वर गेलं. तिथे हार घातलेला एक फोटो होता. दोन वेण्या घातलेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. खाली नाव होतं, कोमल.

कादंबरीतल्या भुताचं नाव कोमल होतं. त्यालाही दोन वेण्या होत्या आणि पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. ती तुटक्या दाताने हसते, त्या वाक्याशी एक प्रकरण संपत होतं.

मी कप खाली ठेवला. शालनताईने माझी नजर पाहिली आणि न विचारता सांगितलं. तीन वर्षं झाली. उन्हाळ्यात पाणी मागे जातं तसं लोकांना शेतीपंपाच्या मोटारी पाण्यामागे सरकवाव्या लागतात. पाइपाचं टोक गाळात रुतलं होतं. पोरीची बारावीची परीक्षा संपली होती, ती घरी मोकळी होती. वडील कामावर. म्हणाली, मी सोडवून येते. गाळ वरून वाळलेला दिसतो, भेगाही पडलेल्या असतात. आत कमरेइतका ओला असतो, आणि त्याच्या पुढे लगेच खोल पाणी. माणसं धावली तोवर उशीर झाला होता.

"लोक म्हणत्यात घर सोडा," शालनताई म्हणाली. "म्हणत्यात पोरगी दिसती. मला तर एकदाबी दिसली न्हाय. दिसली असती तर मी कशाला रडले असते?" मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी पुस्तकच काढताय तर माझ्या कोमलचं दोन वळी चांगलं लिवा. ती गुणाची हुती, एवढंच. गाव भलतंसलतं बोलतंय. छापलेलं असलं म्हंजी लोक मानत्यात."

मी म्हणाले, "लिहू."

बाहेर आल्यावर फोटोग्राफरला मी कॅमेरा बॅगेत ठेवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठच्या केबिनमध्ये गेले आणि माने सरांना बोलवून घ्यायला लावलं. सर आले. मी सांगितलं, त्या घरात माणसं राहतात आणि तुमचं भूत म्हणजे त्यांची मुलगी आहे. मुलीचं सरांना माहीत होतं. ती गेल्यावर माणसं घर सोडून गेली असतील, असं ते धरून चालले होते. कोमल नववी-दहावीला त्यांच्याच वर्गात होती. आधी ते म्हणाले, की सगळं गाव बोलतं तेच मी लिहिलं. मग म्हणाले, की बाकीच्यांची नावं बदललीत ना. मी विचारलं, मग हिचंच का नाही बदललं? त्यावर ते खरं बोलले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"बदलून बघितलं, मॅडम," ते म्हणाले. "दुसरं नाव घातलं की भीतीच वाटेना."

शेठची अडचण वेगळी होती. तीन फर्मे छापून झाले होते. एका मोठ्या तावावर दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं एकत्र छापतात, त्या सोळा पानांना फर्मा म्हणतात. म्हणजे अठ्ठेचाळीस पानं मशीनवरून उतरून थप्पीला लागली होती, आणि कोमल पस्तिसाव्या पानावरच घरात शिरत होती. शेठ म्हणाले, कागद वाया जाईल, आणि एवढ्या पुस्तकांत कोण कुठली बाई वाचणार आहे. माझा पारा चढला. मी म्हणाले, उद्यापासून प्रूफं तुम्हीच वाचा, मी घरी बसते. एवढ्या वर्षांत ही धमकी मी प्रथमच दिली होती, म्हणून ती लागू पडली.

पुढचे बारा दिवस मी आणि सर कादंबरी दुरुस्त करत बसलो. मुलीचं नाव गेलं, दात गेला, वेण्या गेल्या. ती घरी येते ते प्रकरणच गेलं. फुगवटा जाऊन तिथे कोकणातली खाडी आली. सरांनी आयुष्यात खाडी पाहिलेली नव्हती आणि त्या पानांवर ते दिसतंच. पण इंदापूर तालुक्यातल्या कुणाही माणसाला त्यातलं घर ओळखता आलं नसतं. पहिले तीन फर्मे पुन्हा छापले. मुखपृष्ठावर चित्रकाराने एक काळं झाड आणि चंद्र काढला, तसा तो सगळ्याच पुस्तकांवर काढायचा. मी स्वतःवर फार खूश होते. शालनताईला काही कळवलं नाही. जे आता पुस्तकात नाहीच, ते सांगून तिला त्रास कशाला द्यायचा, असा माझा विचार होता.

जून उजाडला. एका दुपारी मशीनवाला येऊन म्हणाला, कुणी बाई आल्यात, तुम्हालाच भेटायचं म्हणतात. शालनताई होती. एसटी बदलून आली होती, चेहरा उन्हाने काळवंडलेला. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढून टेबलावर पसरला.

कागदाला तेल लागलं होतं आणि एका कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. तो आमचा तिसरा फर्मा होता, म्हणजे त्याचा एक चतुर्थांश तुकडा.

आता हे कसं झालं ते सांगते. छापखान्यात वाया गेलेले ताव रद्दीत जातात. रद्दीवाला ते कापून गठ्ठे करतो आणि भेळेच्या गाड्यांना, भजीवाल्यांना देतो. बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या आठवडे बाजारांत आमचे कागद फिरत असतात. मी स्वतः एका संस्थेच्या अहवालात भजी खाल्लेली आहेत. सगळं माहीत असून मी पुस्तकाचा शब्दन् शब्द तपासला आणि मशीनमागच्या त्या थप्पीकडे एकदाही पाहिलं नाही. मुद्रितशोधकाला पुस्तकच दिसतं. त्यातून जे बाहेर काढलं ते संपलं, असं तो धरून चालतो.

"ताई, हे तुमच्या हितलं हाय का?" शालनताईने विचारलं.

मी हो म्हणाले.

तिने सांगितलं, की शेजारणीने बाजारातून भेळ आणली, खाऊन झाल्यावर कागद वाचला आणि तिला आणून दिला. म्हणाली, तुझ्या कोमलचं नाव आहे ह्यात. तोवर आणखी दोघांतिघांकडे असेच तुकडे आले होते. गावात वाचून झालं होतं. आधी पोरं त्यांच्या अंगणातून पाण्याकडे खेळायला जायची, आता मागून वळसा घालून जातात.

मला वाटलं ती आता चिडेल, चार शब्द सुनावेल. मी त्याची तयारीही केली. पण ती कागदावर बोट ठेवून वाचायला लागली. सातवीपर्यंत शिकलेली होती, सावकाश पण नीट वाचायची.

फर्म्याचा ताव उघडा असतो तेव्हा त्यावर पानं ओळीने नसतात. घडी घातल्यावर ती क्रमाने लागतात. त्यामुळे त्या तुकड्यावर डावीकडे छत्तिसावं पान होतं आणि त्याला चिकटून पंचेचाळिसावं. मागच्या बाजूला पस्तिसावं आणि शेहेचाळिसावं.

"हितं ती सांजंला घरी येती," ती छत्तिसाव्या पानावर बोट ठेवून म्हणाली. "पाय धुती, माठातलं पाणी पिती. आई म्हणून हाक मारती. आन ह्या शेजारच्या पानावर ती लोकाच्या लेकराचा हात धरून त्येला पाण्यात न्हेती. आकडं बघितलं मी. मधली आठ पानं न्हाईत. भेळवाल्याकडं तीन बाजार गेले, त्येच्याकडचं सगळं कागुद उलटून बघितलं. घावली न्हाईत." तिने मान वर केली. "त्या आठ पानांत असं काय झालं, ताई, की माझी पोर अशी झाली?"

ती आठ पानं मला पाठ होती. त्यांत एक मांत्रिक येतो, दारात लिंबू सापडतं, वीज जाते, कुत्री रडतात. मुलगी वाईट का होते, ते कुठेच नव्हतं. भयकादंबरी आहे, तिला व्हावंच लागतं. तीन वेळा प्रूफ वाचूनही हा प्रश्न मला पडला नव्हता.

"काही झालं नाही," मी म्हणाले. "लिहिणाऱ्याला लोकांना घाबरवायचं होतं, म्हणून."

"येवढ्यासाठीच?"

"एवढ्यासाठीच."

मग मी सगळं सांगून टाकलं. गावांचं पुस्तक नव्हतंच, मी खोटं बोलले होते. तुमच्या घरून परत गेल्यावर मी भांडले, कोमलला पुस्तकातून पूर्ण काढलं, हे वाया गेलेले कागद आहेत. कपाटातून छापील प्रत काढून तिच्यापुढे ठेवली आणि पाहिजे तर सगळी वाच म्हणाले. मला वाटत होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

तिने प्रतीला हात लावला नाही. विचारलं, "सांजंला घरी येती ते पान?"

"तेही काढलं."

"आन तुमी लिवतो म्हणलेल्या त्या दोन वळी?"

त्या ओळी मी लिहिल्याच नव्हत्या. काढण्याच्या नादात मी त्या साफ विसरले होते. वाईट ते पुसलं आणि काम झालं म्हणून हात झटकले. मी म्हणाले, अजून लिहिते, वर्तमानपत्रात देते, सरांना सांगते.

"नगं," ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ द्या."

कागदाची घडी घालताना ती थांबली आणि छत्तिसाव्या पानावरची एक ओळ तिने मला दाखवली. मुलगी आत येते तेव्हा उंबऱ्यापासून माठापर्यंत ओली पावलं उमटतात, अशी ती ओळ. "हे मातर खरं हाय," ती म्हणाली. "पाय पुसायची न्हाय कधी. मी लई रागवायची." ती ओली पावलं सरांनी लिहिलेली नव्हती. भीती जास्त वाटेल म्हणून प्रुफाच्या समासात ती मी सुचवली होती, आणि सरांनी मला शाबासकी दिली होती. हे मी तिला सांगितलं नाही. तेवढं धाडस झालं नाही.

"कात्री हाय का?" तिने विचारलं.

कात्री होती. तिने दोन पानांच्या मधली रेघ दाखवली आणि म्हणाली, हितनं सरळ कापा, तुमाला सवय असंल. मी पट्टी लावून कापलं. पस्तीस-छत्तीसचं पान तिने प्लॅस्टिकमध्ये घालून पिशवीत ठेवलं. दुसरं टेबलावर राहिलं. मी रडत होते. ती रडली नाही. उलट मला म्हणाली, पाणी प्या, ताई. मग इंदापूरची गाडी सुटेल म्हणून ती निघून गेली. मी तिला स्टँडपर्यंत पोचवायलाही गेले नाही, कारण वाटेत काय बोलायचं ते मला कळत नव्हतं.

नंतर मी एकदा तिकडे गेले होते. घराला खरंच कुलूप होतं. नवऱ्याला कारखान्याच्या चाळीत खोली मिळाली होती. पोरांचं अंगणातून जाणं बंद झाल्यावर शालनताईचं तिथे मन लागेना, असं शेजारणीने सांगितलं. इतकी वर्षं गाव म्हणत होतं तेव्हा तिने घर सोडलं नव्हतं. भेळेच्या कागदाने ते सोडवलं, आणि तो कागद आमचा होता. पाण्याकाठच्या त्या घरातून तीन कुटुंबं गेली. एक म्हातारपणाने, एक बदलीने आणि एक आमच्यामुळे.

त्यानंतर मी दोन वर्षं नोकरीत होते. वाया गेलेले ताव उभे-आडवे फाडूनच रद्दीत द्यायचे, असा मी नियम केला. शेठनी कुरकुर केली, मग सवय झाली. नव्या मुद्रितशोधकालाही मी तो नियम शिकवून आले. पण खरी चूक रद्दीत झालीच नव्हती. ती त्या घरात चहा पिताना झाली. मी खरं सांगितलं असतं, प्रूफ तिच्यापुढे ठेवलं असतं, तर मांत्रिक-लिंबू असलेली पानं तिने तिथेच बाजूला केली असती आणि एक पान ठेवा म्हणाली असती. ते पान बरंच चांगलं होतं.

प्रूफ आम्ही लेखकाला दाखवतो, प्रकाशकाला दाखवतो, कधीकधी वकिलालाही दाखवतो. ज्याचं घर आहे, त्याला दाखवायची पद्धत आमच्या धंद्यात नाही.